ऊन बघायला येणारी करुणा

करुणा हिवराळे एखाद्या घरी कामाचं बघायला पहिल्यांदा येते तेव्हा तिच्याजवळ मोजपट्टी नसते. घडीचं स्टूल, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, खडू आणि एक धुवट पांढरं फडकं, एवढं घेऊन ती सकाळी ऊन यायच्या आत दारात हजर होते. घरच्यांना तिने फोनवर आधीच सांगून ठेवलेलं असतं, "मी दिवसभर बसणार. चहा दिला तर घेईन, पण माझ्यासाठी म्हणून काही करू नका. टीव्ही लावायचा तर लावा, भांडायचं तर भांडा. मला फक्त तुमच्या घरातलं ऊन बघायचंय."

मग ती कोपऱ्यात स्टूल टाकते. खिडकीतून ऊन आत आलं की त्यावर फडकं अंथरते, कडेने खडूची रेघ ओढते आणि पुन्हा जाऊन बसते. ऊन सरकलं की उठते, नवी रेघ ओढते. संध्याकाळपर्यंत त्या घराची फरशी मुलांनी ठिक्करपाणी आखल्यासारखी दिसायला लागते. अधूनमधून ती प्रश्न विचारते. दुपारी कोण कुठे झोपतं, पेपर कोण कुठे वाचतं, आणि सगळ्यांत आधी, जेवायला कोण किती वाजता बसतं.

ज्योतीनगरमधले एक निवृत्त इंजिनिअर तिला म्हणाले होते, "ताई, तुम्ही खिडकीचं माप घ्यायला आलात की आमच्या घराची झडती घ्यायला?"

"काका, खिडकी कुठं पळतीय? भिंतीतच राहणार ती. ऊन पळतं. त्याचं माप आधी घेते," ती म्हणाली.

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून दारांची-खिडक्यांची तावदानं करणं आणि जुनी मोडकी तावदानं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. संभाजीनगरात हे काम करणारं दुसरं कुणी असलं तर मला माहीत नाही. मी तिला ओळखते ती माझ्या शेजारच्या ठोंबऱ्यांच्या खिडकीमुळे. दिवसभर ऊन बघत बसण्याची सवय तिला लागली तीही त्याच खिडकीपायी, आणि त्यात बरंच रामायण झालं. ते मी जवळून पाहिलं आहे.

करुणाचे वडील बन्सीभाऊ यांनी उभा जन्म शहागंजातल्या एका काचेच्या दुकानात काढला. टेबलांच्या काचा, दुकानांची कपाटं, आणि वर्षाकाठी किती तरी बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरी त्यांच्या हातून चौकटीत गेल्या. काच कापायच्या हत्याराला तिकडे हिरा म्हणतात. बन्सीभाऊ हिरा ओढायचे तेव्हा काचेतून येणारा बारीक कर्र आवाज ऐकून रेघ सरळ गेली की नाही ते सांगायचे. आई लवकर गेल्यामुळे लहानगी करुणा शाळा सुटल्यावर दुकानातच येऊन बसायची. कुणाच्या जुन्या दारातून निघालेले निळे, तांबडे तुकडे बन्सीभाऊ तिच्यासाठी घासून धार मारून ठेवत. ती ते डोळ्याला लावून सगळं शहागंज निळं करून बघायची.

बारावीनंतर ती चितेगावच्या एका कारखान्यात लागली. तिथे अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनत. एकदा पुण्याहून कुणा श्रीमंताच्या दाराचं शिशात जडवलेलं तावदान चौकट बसवायला आलं. करुणा जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर उभीच राहिली. कुणी केलं, कसं केलं, विचारत विचारत ती शेवटी पुण्याच्या त्या कारागिराकडे पोचली आणि बरीच वर्षं तिथेच राहून शिकली.

काम वरून दिसतं त्याहून राकट आहे. आधी कागदावर पूर्ण मापाचा खाका काढायचा. प्रत्येक तुकडा त्यावर ठेवून कापायचा. तुकड्यांच्या कडा शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवायच्या, सांध्यांवर कथलाचा डाख द्यायचा, आणि मग फटींत खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेलं लुकण दाबून भरायचं. शिसं पोटात जाऊ नये म्हणून करुणा कामावर असताना पाण्याचा घोटसुद्धा हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय घेत नाही.

ती गावी परतली, कारण बन्सीभाऊंचा हात थरथरायला लागला. हिरा धरवेना. पुण्यात ते आठवडाभर राहून आले होते आणि पुन्हा जायचं नाव काढत नव्हते. मला म्हणाले होते, "मॅडम, तिथं समदे पळतेत. बन्सी, कसा हायेस, म्हणून इचारायला येक माणूस थांबत नाय. इथं मी पानाच्या टपरीपर्यंत गेलो तर दहा जण जय भीम घालतेत."

करुणाने भावसिंगपुऱ्यात घरामागे पत्र्याचं शेड टाकलं. जुन्या दाराचं टेबल केलं. पण आपल्या गावात कामं मिळेनात. लोक म्हणायचे, रंगीत कागद चिकटवला की तसंच दिसतं की! छावणीतल्या दोन-तीन जुन्या बंगल्यांची डागडुजी झाली आणि हात रिकामे झाले. ज्यांच्याकडे ती शिकली ते पुण्याचे सर भले माणूस होते. ते म्हणाले, "संक्रांतीपर्यंत तुझी जागा ठेवतो. मग मला दुसरं माणूस बघावं लागेल." त्याच सुमाराला तिला ठोंबऱ्यांची खिडकी मिळाली. नव्या घरातलं, चार लोकांच्या नजरेला पडेल असं तिचं गावातलं पहिलं काम. ते लोकांना आवडलं तर इथे राहायचं, नाही तर संक्रांतीनंतर पुणं गाठायचं. आणि बन्सीभाऊ तर पुण्याला यायला तयार नव्हते.

ठोंबरे मूळचे वैजापूर तालुक्यातले. राजेंद्र वाळूजला एका कंपनीत अधिकारी आहेत, पण गावची जमीन सोडलेली नाही. संभाजीनगरातल्याच सातारा परिसरात माझ्या बैठ्या घरामागे त्यांनी बंगला बांधला. खाली गाड्या, वर घर. जेवणाच्या खोलीची पश्चिमेची मोठी खिडकी नेमकी माझ्या मागच्या ओसरीवर आली. म्हणजे त्यांनी जेवताना माझे वाळत घातलेले कपडे बघायचे आणि मी खालून त्यांच्या फोडणीचा वास घ्यायचा. त्यावर पडदा नको, काहीतरी छान हवं, असं राजेंद्रच्या मनात आलं. त्याची आई द्वारकाबाई गाव सोडून नाइलाजाने इथे आलेली. तिला जेवताना शेत दिसावं म्हणून त्याने करुणाला ज्वारीचं शेत करायला सांगितलं.

करुणा वैशाखात माप घेऊन गेली. पावसाळाभर खपली. दसऱ्यानंतर तावदान बसलं. खाली दाट हिरवी पानं, मधून वर गेलेली उंच धाटं, त्यावर पिवळसर पांढरी कणसं आणि वर आभाळाची निळी पट्टी. पानांसाठी तिने मुद्दाम बुडबुड्यांची काच वापरली होती. त्या संध्याकाळी उतरतं ऊन तावदानातून आलं आणि जिन्याच्या पायऱ्यांवर हिरवी पानं हलायला लागली. मी तिथे होते. मला आमच्या कॉन्व्हेंटचं चॅपल आठवलं. तिथल्या खिडकीचा तांबडा उजेड ज्या बाकावर पडे तिथे बसायला आम्ही मुली धावायचो आणि सिस्टरांनी डोळे वटारले की डोळे मिटून प्रार्थना करत असल्याचं दाखवायचो. राजेंद्रची बायको सत्यभामा पायरीवर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई, मेंदी काढल्यागत दिसतंय."

द्वारकाबाईंनी खिडकीकडे बघून एवढंच विचारलं, "पाखरं नाय केली व्हय गं? कणसं हायेत आन् पाखरं नायत?"

करुणा हसली. "पुढच्या शेतात करते, आजी."

मार्गशीर्षात एका सकाळी सत्यभामा माझ्याकडे आली आणि बोलता बोलता रडायलाच लागली.

"काकू, मी काय शिळी भाकर वाढते का हो? तव्यावरची उचलते अन् ताटात टाकते. आत्याबाई म्हणतात, बुरशी आलीय."

घरातले सगळे रात्री जेवत. द्वारकाबाई मात्र दिवस मावळायच्या आत जेवून घेत, गावाकडची रीत. सत्यभामा आपल्या या आत्याबाईंसाठी, म्हणजे सासूसाठी, वेगळी भाकरी करायची.

"त्यांना दाखवायची मग," मी म्हणाले.

"दाखवली ना. मी जाऊन उभी राहते तर भाकर पांढरी. ओट्याजवळ आणून बघितली तर पांढरी. परत ताटात ठेवून मी वळते न वळते तोच म्हणतात, आली बघ पुन्हा! ह्यांनी डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू काढलेला डोळा झकास आहे म्हणाले. मग आता काय समजायचं, सांगा बरं."

काय समजायचं ते घरात सगळ्यांना सुचलं होतं, बोलत कुणी नव्हतं. राजेंद्र आईशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला होता. औषधाच्या गोळ्या त्याने स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवल्या. द्वारकाबाई भाकरीचा कडेचा घास खात आणि बाकीची पदराखाली घेऊन खाली रस्त्यावर येणाऱ्या गाईला घालत. माझ्याजवळ एकदा म्हणाल्या, "ती यून उभी ऱ्हायली की बुरशी जाती, ती गेली की येती. करणी म्हणावं का काय म्हणावं? मी आपली गावाला जाते. तिथं कुणी येडी नाय म्हणत मला."

रविवार ठरला. राजेंद्र स्वतः गाडीने सोडून येणार होता.

त्याच्या आधीच्या रविवारी करुणा माझ्या ओसरीत आली. बरोबर बन्सीभाऊ होते, इस्त्रीचा सदरा घालून. लेकीचं काम त्यांनी शेडमध्ये आडवं पाहिलं होतं, खिडकीत उभं कधी पाहिलं नव्हतं. करुणाला फोटो काढायचे होते. बाहेरून दिवसा हे तावदान काळपट, मुकं दिसतं, नुसती शिशाची जाळी. ते बघून बन्सीभाऊ म्हणाले, "हे तर आपल्या घराच्या पत्र्यावानी दिसतंय की."

"बाबा, आतून बघायचं असतं ते. चला वर. काकू, तुम्हीपण चला."

आम्ही तिघं वर गेलो तेव्हा द्वारकाबाई नुकत्या ताटावर बसल्या होत्या. टेबलावर हिरव्या पानांच्या छपाईचं मेणकापड. राजेंद्र दिवाणखान्यात मॅच बघत होता.

"या, बसा जेवायला," द्वारकाबाई म्हणाल्या.

बन्सीभाऊ खुर्चीच्या मागे उभेच राहिले. "नगं माय, तुम्ही जेवा निवांत."

"बसा की भाऊ. खुर्ची काय चावती व्हय? आन् तू गं, अशी डोक्यावर उभी ऱ्हाऊ नकोस, समोर बस."

बन्सीभाऊ बसले. करुणा समोर बसली. आणि बसल्या बसल्या तिचा चेहरा उतरला.

मी ताटाकडे पाहिलं. स्टीलच्या ताटात वांग्याची भाजी, ठेचा, कांदा, आणि भाकरीवर हिरवेगार डाग. कडेने काळसर आणि मध्ये बारीक बारीक ठिपके, बुरशी धरावी तसे हुबेहूब. उजेड बाजूच्या खिडकीतून, द्वारकाबाईंच्या खांद्याजवळून येत होता. ठिपके होते काचेतल्या बुडबुड्यांचे. मेणकापड मुळात हिरवं, त्यावर काही कळत नव्हतं. ताटात पांढरी वस्तू एकच, भाकरी. आणि जो कुणी बघायला यायचा तो वाढायच्या जागी, म्हणजे खिडकीच्या बाजूला उभा राहायचा, आणि त्याची सावली ताटावर पडायची.

दसऱ्याला जिन्यावर पडणारं ऊन थंडीत सरकत सरकत टेबलावर आलं होतं. सूर्य दक्षिणेला गेला की पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन खोलीच्या दुसऱ्या अंगाला जाणार, हे वैशाखात दुपारी येऊन माप घेणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं नव्हतं.

बन्सीभाऊंनीही पाहिलं. बाप-लेकीची नजरानजर झाली. बन्सीभाऊंनी डोळ्यांनी काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही. आतून मॅचचा आरडाओरडा येत होता. करुणाने एक शब्दही काढला नसता तर त्या घरात कुणाला काही कळलं नसतं.

तिने हात पुढे केला आणि द्वारकाबाईंच्या ताटावर धरला. तिच्या तळहातावर हिरवं पान उमटलं.

"काय करतीस गं माझ्या ताटात?"

"आजी, भाकर चांगली हाय. तुमचे डोळेपण चांगले हायेत. चूक माझ्या काचेची हाय." मग तिने मोठ्याने हाक मारली, "सत्यभामाताई! राजेंद्रदादा! इकडं या जरा. तिथं नाही, खिडकीसमोर उभं राहू नका. इकडून या."

तिने ताट उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. भाकरी पांढरी झाली. परत जागेवर आणलं, हिरवी. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. सत्यभामाने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, सांगता येईना. द्वारकाबाई ताटाकडे बघत राहिल्या, मग खिडकीकडे वळून बघितलं, आणि करुणाला म्हणाल्या, "म्हंजी माझ्या ताटात शेत पेरलंस व्हय गं तू?"

"व्हय, आजी."

"आन् हे समदे मला येडी म्हनत व्हते."

"कुणी म्हणलं नाही, आई," राजेंद्र म्हणाला.

"गोळ्या कुणाच्या कपाटात हायेत रे?"

राजेंद्र चिडला. खिडकीकडे बोट करून म्हणाला, "ताई, हे काढून टाका. साधी दुधी काच बसवा. लोकांना कळलं तर काय म्हणतील? आईला शेत दाखवायचं म्हणून केलं आणि तिच्याच तोंडचा घास काढला."

करुणा उभी राहिली. "काढते. काढावंच लागणार. पण दादा, काढायच्या आधी मला एक दिवस इथं बसू द्या. सकाळपासून ऊन मावळेपर्यंत. हे मी आधीच करायला पाहिजे होतं."

"बसून काय होणार?"

राजेंद्रच्या आधी द्वारकाबाईच बोलल्या. "बसू दे की तिला. तुला काय तिला मांडीवर घ्यायचंय?"

त्या दिवशी जिना उतरताना बन्सीभाऊ लेकीला म्हणाले ते मी ऐकलं. "पोरी, गप बसली असतीस तर होळीपर्यंत ऊन आपलं आपण सरकलं असतं."

"सरकलं असतं, बाबा. पण तोवर आजी गावाला गेल्या असत्या. येड्या म्हणून."

बन्सीभाऊ पुढच्या दोन पायऱ्या उतरले. मग थांबून म्हणाले, "मंग बरं केलंस. फोटो काढलास का पण?"

फोटो राहिलाच होता.

करुणाची पहिली बैठक ती. त्या दिवशी दोनदा मी जाऊन आले. सकाळी गेले तर ती एकटी स्टुलावर. दुपारनंतर गेले तर द्वारकाबाई शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आणि हुकूम सोडत होत्या.

"आता बघ, त्या फळीवर येतंय का नाय. आलं! संक्रांतीपत्तुर आजून थोडं आत जाईल. मंग माघारी फिरंल."

"तुम्हाला कसं माहीत, आजी?"

"पापड वाळवायचे कुठं मंग? गावाला भिंतीवर रेघा मारून ठिवल्या व्हत्या म्या. इथं रेघ मारू देती व्हय ही, रंगाची भिंत म्हनून!"

"मारा की आत्याबाई, कोण नको म्हणतंय," आतून सत्यभामा म्हणाली.

"आता म्हनतीय!"

ऊन टेबलावर आलं तसं करुणाने मेणकापड काढून पांढरं फडकं अंथरलं. मग एकेका पानावर बाहेरून पुठ्ठा धरायला सत्यभामाला खिडकीबाहेरच्या अरुंद गच्चीत उभं केलं. कुठल्या पानाचा रंग ताटापर्यंत पोचतो ते एकेक करून कळलं. सगळी खालची पानं निघाली. धाटं, कणसं, आभाळ यांचा उजेड वर भिंतीवरच राहत होता.

"खालची पानं काढली तर शेत कुठं राहतं?" करुणा स्वतःशीच बोलली. "धाटं अधांतरी लोंबतील."

द्वारकाबाई खिडकीकडे बघत होत्या. "एक इचारू का? रागावू नको. ही कणसं भरलेली हायेत ना?"

"हो."

"मंग खालची पानं हिरवी कशी? जोंधळा भरला की बुडाची पानं वाळत्यात. पांढरी पडत्यात, कडब्यावानी. म्या पहिल्याच दिवशी बोलनार व्हते, म्हनलं पोरीनं एवढं केलंय, आपुन कशाला तोंड उघडा. पाखराचंच बोलले."

करुणाने कपाळावर हात मारून घेतला. मग ती इतकी हसली की खाली गाडी पुसणारा माणूस वर बघायला लागला. तिने राजेंद्रला त्याच संध्याकाळी विचारलं, पूर्ण तावदान बाद करण्याऐवजी खालची पानं बदलून बघू का? राजेंद्र लगेच हो म्हणाला नाही. "पुन्हा काही झालं तर मग दुधी काच," म्हणाला. त्याच्या बोलण्यातही तथ्य होतं.

तावदान उतरवून भावसिंगपुऱ्याला नेलं. मी रिक्षा करून बघायला गेले, कारण जडवलेलं उलगडताना मला बघायचं होतं. लुकण दीड-दोन महिन्यांत चांगलंच आवळलं होतं. करुणा बोथट सुरीने पट्टीचे ओठ उचलायची, सांध्याचा डाख वितळवायची आणि तुकडा नखाएवढा हलला की श्वास रोखून बाहेर काढायची. एका पानाला टिचकन तडा गेला. आभाळाशेजारच्या, राहू द्यायच्या पानाला! काढलेल्या पानांत तेवढा लांब तुकडा नव्हता आणि तसली काच आणखी नव्हती. ती सुरी खाली ठेवून हात धुवायला गेली.

बन्सीभाऊंनी तुकडा उन्हात धरून पाहिला. "तडा सरळ हाय. मधोमध शीर हाय असं समज आन् तिथं बारीक पट्टी घाल. पानाला शीर असतीच."

"बाबा, तुम्ही आधी का नाही आलात मदतीला?"

"मला कुनी बोलावलं व्हतं? मी हात थरथरतो म्हनून तिकडं खाटंवर. तोंड थरथरत नाय माझं."

नवी पानं तिने कडब्याच्या रंगाच्या काचेची केली, अगदी फिकी, बिनबुडबुड्यांची. पुन्हा लुकण भरलं, भुसा घालून पुसलं, सुकायला ठेवलं. राजेंद्रने गावाला जाण्याचा विषय पुन्हा काढला नाही, पण खिडकीत तेवढे दिवस प्लायवूड ठोकलेलं होतं आणि जेवणाची खोली दिवसा अंधारी झाली होती. तो अंधार मला माझ्या ओसरीतूनसुद्धा जाणवे.

तावदान परत बसलं ते भोगीच्या आदल्या दिवशी. उतरत्या उन्हाची वेळ धरून द्वारकाबाई ताटावर बसल्या. समोर राजेंद्र, शेजारी सत्यभामा, मागे भिंतीला टेकून करुणा आणि बन्सीभाऊ. मीही होते. खिडकीसमोर यावेळी कुणी उभं राहिलं नाही.

सत्यभामाने तव्यावरची भाकरी ताटात ठेवली.

भाकरीवर मंद पिवळसर झाक आली होती. द्वारकाबाईंनी ती उचलली, उलटी केली, वास घेतला.

"बुरशी नाय," त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून, "तूप लावल्यावानी दिसतीय गं. डागदरानं तूप बंद केलंय माझं. आता उजेडाचं खाते." आणि घास मोडला.

राजेंद्र हसला. खूप दिवसांनी हसताना पाहिलं त्याला. करुणाकडे वळून म्हणाला, "ताई, राहू द्या." एवढंच म्हणाला. नंतर त्याने स्वतःच्या कपाटातून गोळ्यांचा डबा आणून आईच्या उशाशी ठेवला.

पण करुणाचा प्रश्न अजून तसाच होता. खिडकी वाचली, तरी पुण्याला कळवायचा दिवस आला होता आणि हाती दुसरं काम नव्हतं.

संक्रांतीला सत्यभामाकडे हळदीकुंकू होतं. आसपासच्या वीस-पंचवीस बायका. राजेंद्रने बजावलं होतं, "आई, ते भाकरीचं कुणाला सांगू नकोस हां." द्वारकाबाई बरं म्हणाल्या. बायका चार वाजता यायला लागल्या आणि ऊन टेबलावर आलं तसं कुणीतरी खिडकीकडे बघून म्हणालं, "किती सुंदर हो! कुठून आणली?"

झालं. द्वारकाबाईंनी सुनेला भाकरी आणायला लावली. काढून ठेवलेलं एक हिरवं पान करुणाने त्यांना आठवण म्हणून दिलं होतं, तेही आणवलं. ते उन्हात धरून त्यांनी सगळ्यांसमोर भाकरी हिरवी करून दाखवली, बाजूला घेऊन पांढरी करून दाखवली, आणि करणी, डोळ्याचा डॉक्टर, खालची गाय, सगळं साग्रसंगीत सांगितलं. बायका हसून हसून बेजार. एकीने स्वतःच्या हाताने करून बघितलं, मग दुसरीने. सत्यभामाने तिळगुळाचं ताट खाली ठेवलं आणि आपल्या सासूची नक्कल करून दाखवली, सासूच्या समोर! त्यावर सासूच सगळ्यांत जास्त हसली.

राजेंद्र स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावून उभा होता.

मग एक बाई म्हणाल्या, "तिने स्वतःहून सांगितलं? चूक माझी म्हणून?"

"सोताहून," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी तर गावाचं गाठोडं बांधलं व्हतं. आन् नंतर दिवसभर हितं बसली, ऊन बघत."

"मग आमच्याकडे येऊन बसेल का? आमचे हे सकाळी जिथे पेपर वाचतात तिथे ऊन फार डोळ्यांवर येतं."

त्या बाई ज्योतीनगरच्या, सत्यभामाच्या मैत्रिणीच्या जाऊबाई. त्या निवृत्त इंजिनिअरांच्या पत्नी. त्यांच्या मागोमाग आणखी एकीने फोन नंबर मागितला.

दुसऱ्या दिवशी मी बन्सीभाऊंना तिळगूळ द्यायला गेले. करुणा शेडमध्ये नव्हती. बन्सीभाऊ ओट्यावर बसून मेथी निवडत होते, थरथरत्या हाताने, काड्या वेगळ्या करत. मी विचारलं, पुण्याला काय कळवलं?

"काल रातच्याला फोन केला तिनं," ते म्हणाले. "म्हनली, सर, माझी जागा द्या दुसऱ्याला. ते काय बोल्ले ते मला नाय ऐकू आलं. मंग फोन ठिवला आन् माझ्याकडं बघून म्हनली, बाबा, उद्या डबा लवकर करा. ज्योतीनगरच्या त्या घरात ऊन सकाळीच येतं."